उतारा

बेटावरच्या इस्पितळात रात्रपाळीला दोघंच:
मी, आणि डॉक्टर आर्वो, ज्यांच्या निवृत्तीला अकरा दिवस उरलेत.
समुद्र अर्धा गोठलेला. फेरी बंद.
टालिनहून हेलिकॉप्टर निघेल, वारा पडला तर.

बोटीच्या शेडमधून तीन माणसं आणली.
कॅन निळा होता, म्हणाले.
वरचं कुणी वाचलं नाही.

डॉक्टर आधी विषाचं नाव विचारत नाहीत.
आधी श्वास. मग नाडी. मग बोटाला टोचून साखर.
"विष कुठे पळून जात नाही," म्हणतात, "माणूस जातो."
मग खाटेच्या कडेला बसून, आवाज उतरवून:
काय? किती? कधी?
उत्तरं बहुधा लाजेची असतात.

तान्नो एकोणीसचा.
"एकच ग्लास. वेल्डिंगचा दाखला मिळाला म्हणून.
नाही म्हणणं बरं दिसलं नसतं."
कधी?
"काल दुपारी."
आणि आत्ता काय होतंय?
"आत्ता बर्फ पडतोय."

खोलीत. छताखाली. दिव्याच्या अवतीभवती.
श्वास खोल आणि घाईचा,
जिना चढतोय आणि जिना संपत नाही असा.
रक्त आंबलंय. शिरेतून सोडा सुरू केला.

कोळसा देऊ?
डॉक्टर मान हलवतात. कोळसा याला धरत नाही.
प्रत्येक विषाची खोड वेगळी.

"ही दारू आणि ती दारू, चुलत बहिणी," ते सांगतात, कपाट धुंडाळता धुंडाळता.
"ही पोटात गेली तेव्हा तशी निम्मी निरुपद्रवी होती.
बिघडवतो तो यकृतातला कारकून,
एकाच खिडकीवर बसलेला, येईल त्या कागदावर शिक्का मारणारा.
शिक्का पडला की मुंगीच्या डंखातलं आम्ल,
आणि ते जातं थेट डोळ्यांकडे.
कारकुनाला लाच चालत नाही.
पण त्याची आवड आपल्याला ठाऊक आहे.
साध्या दारूची रांग लावायची खिडकीपुढे, रात्रभर, खंड न पडू देता.
ही ताटकळेल. तेवढ्यात टालिनचं यंत्र
तिला मागच्या दाराने काढून देईल."

कपाटातला साठा मुदत संपलेला.

कायद्याने रात्री दहानंतर विक्री बंद.
तीन वाजता मी हेल्यूच्या दुकानाचं मागलं दार ठोठावते,
गणवेशावर वडिलांचा जुना कोट.
"मिल्वी? तू?"
सगळं बेट जाणतं.
अक्षरओळखीआधी आईने मला शिकवलं होतं
बाटली मोरीत कशी ओतायची,
वडील जागे होऊ नयेत म्हणून कडेकडेने, धार बारीक ठेवून.

तीच धार आता मोजपात्रात.
निम्मं पाणी. नाकातल्या नळीतून. दर तासाला.
उतारा म्हणतात याला.
सकाळच्या पहिल्या पेल्याला वडीलही हेच म्हणायचे.

पलीकडच्या खाटेवर एल्मार.
त्याच कॅनमधले तीन ग्लास याने रिचवलेत,
पण खिशातली स्वतःची बाटली एरवीसारखी चालूच होती.
"साडेचार वाजले," तो सांगतो, भिंतीकडे बघून, न विचारता.
तीस वर्षं याच्या कारकुनाला उसंत नाही.
मग पोराच्या खाटेकडे बघतो
आणि तोंड उशीत खुपसतो.
त्यालाही नळी घातली. खिडकी रिकामी झाली
तर त्याचीही पाळी येईल.

तिसऱ्याचं नाव इथे लिहीत नाही.
त्याच्या बायकोला अजून कळवायचं आहे.

तान्नोला चढलीय.
हसतो, शब्द घसरतात, माझा हात सोडत नाही.
किती बोटं?
"बोटं नाही दिसत. हात आहे. तिथे."
आणि बर्फ?
"पडतोय."
बराच वेळ गप्प. "आता जरा विरळ."

मला खुश करायला म्हणाला असेल.

बाहेर वारा पडलाय का, ते कान देऊन ऐकते.
मग वहीत लिहिते: पाच वाजता, पन्नास मिली,
आणि पुढची मोजायला घेते.